गहुंजे, दाभोळ आणि आमचा व्हॅक्सीन डेपो

पुण्यात भारताचा सामना असला, की बेळगाव-निपाणीकडची पोरे आदल्या रात्रीच गाड्या काढतात. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानापेक्षा पुणे आम्हाला जवळ. हमरस्ता सरळ आणि वाटेत कोल्हापूर, कराड, सातारा म्हणजे अर्ध्या घरांची सोयरीकच. कुठे निघालात असे विचारले, तर "गहुंज्याला" एवढेच उत्तर मिळते. मैदानाचे पूर्ण नाव कोणी सांगत नाही आणि विचारणाऱ्यालाही त्याची गरज वाटत नाही. द्रुतगती मार्गाच्या कडेचे मावळातले हे लहानसे गाव क्रिकेटच्या नकाशावर आले ते असे, लोकांच्या तोंडून. त्यासाठी गावाने एक पैसाही मोजलेला नाही. ज्यांनी पैसे मोजायचे कबूल केले होते, त्यांचे नाव मात्र आज त्या मैदानावर नाही. नावाचा प्रश्न रोजच्या जगण्यात असलेल्या आम्हा सीमाभागातल्या मंडळींना ही हकिकत मुळापासून बघावीशी वाटते.

मैदानाच्या नावाचा सौदा करण्याची चाल अमेरिकेतून आली, असा आपला समज असतो. पण आपल्या मुंबई इलाख्यात असा एक सौदा स्वातंत्र्याच्या आधीच झालेला आहे. १९३०च्या दशकात क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला मुंबईत मैदानासाठी जागा हवी होती. समुद्र हटवून काढलेली चर्चगेटकडची जमीन सरकारच्या ताब्यात होती आणि गव्हर्नर होते लॉर्ड ब्रेबॉर्न. क्लबच्या वतीने खटपट करणारे अँथनी डिमेलो मोठे चतुर गृहस्थ. त्यांनी लाटसाहेबांना विचारले म्हणे, की खेळाडूंकडून तुम्हाला काय हवे, सरकारसाठी पैसा की स्वतःसाठी अमरत्व? लाटसाहेबांनी अमरत्व पत्करले, क्लबला जमीन परवडेल अशा भावात मिळाली आणि १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे हे ब्रेबॉर्नसाहेब आमचेही गव्हर्नर. चारेक वर्षे मुंबईचा कारभार करून ते बंगालला गेले आणि १९३९ साली तिकडेच वारले. त्यांच्या कारकिर्दीतले दुसरे एखादे काम आज कोणाला सांगता येईल असे वाटत नाही. नाव मात्र राहिले. सौदा त्यांच्या बाजूने बरा झाला म्हणायचा.

त्याच मैदानाच्या तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाजले आणि त्या भांडणातून दुसरे स्टेडियम जन्माला आले. विधानसभेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि असोसिएशनचे धुरीण शेषराव वानखेडे यांनी ते जिद्दीने उभारून घेतले. ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर १९७५च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा ठोकल्या. वानखेडे हे हयात माणसाचे नाव होते, राजकारण्याचे होते. तरीही ते बसले, कारण त्या माणसाने तिथे काहीतरी केले होते हे लोकांना दिसत होते.

याच वानखेडेवर दोन कंपन्यांची नावे पन्नास वर्षांच्या आसपास सुखाने नांदत आहेत, पण ती खटकल्याचे कोणी बोलत नाही. एक टाटा एंड आणि दुसरा गरवारे पॅव्हिलियन एंड. आकाशवाणीवर मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला "टाटा एंडकडून गोलंदाजी" हे शब्द दिशेसारखे झाले होते. उत्तर, दक्षिण तसे टाटा, गरवारे. यामागचे कारण आम्हाला सरळ वाटते. या नावांनी मैदानाचे मूळ नाव हिसकावले नाही, ती एका टोकाला अंग चोरून उभी राहिली. शिवाय टाटा काय किंवा आबासाहेब गरवारे काय, मराठी मुलखाला ही माणसे उद्योगांमधून, शाळा-कॉलेजांमधून ओळखीची होती. दरवर्षी करार संपला की पाटी बदलेल, अशी धास्ती त्यात नव्हती.

आता गहुंज्याची गोष्ट.

पुण्यात पूर्वी सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले ते इथेच. पण ते मैदान महापालिकेच्या मालकीचे. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला स्वतःचे, हक्काचे मैदान हवे होते. शहराबाहेर, मुंबईच्या वाटेवर, गहुंजे इथे जागा घेतली गेली. इंग्लंडमधल्या हॉपकिन्स यांच्या वास्तुरचना संस्थेने आराखडा केला. डोंगराच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या छतांचे ते मैदान देखणे झाले यात शंका नाही. पण देखण्या वास्तूला पैसा लागतो आणि तो कमी पडू लागला. तेव्हा सहारा समूह पुढे आला. आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स हा संघ सहाराचाच होता. मैदानाला नाव देण्याच्या हक्कासाठी दोनशे कोटींहून अधिक रकमेचा करार झाला आणि २०१२च्या एप्रिलमध्ये मैदान खुले झाले ते 'सुब्रत रॉय सहारा स्टेडियम' या नावाने.

नावाची लांबी बघा. त्यात माणूस आहे आणि त्याची कंपनी आहे. पुणे नाही, महाराष्ट्र नाही, गहुंजे तर नाहीच. वर्तमानपत्रांनी ते नाव छापले, दूरदर्शनच्या पडद्यावर ते झळकले, तिकिटांवर आले. प्रेक्षकांनी त्यावर मोर्चा काढला नाही, निषेधाचे पत्रक काढले नाही. त्यांनी फक्त ते नाव उच्चारले नाही. २०१२च्या डिसेंबरात भारत-इंग्लंड ट्वेंटी-२० सामना झाला, युवराजसिंगने तीन बळी घेतले आणि फलंदाजीतही हात दाखवला. तो सामना लोकांच्या लक्षात राहिला तो "गहुंज्याचा पहिला सामना" म्हणून.

पुढे जे घडले ते सर्वांना माहीत आहे. २०१२च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे हजारो कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. २०१३च्या मे महिन्यात सहाराने आयपीएलमधून अंग काढून घेतले. मैदानाच्या नावाचे हप्ते थकले. असोसिएशन आणि कंपनीचा वाद न्यायालयात गेला, आणि १३ ऑक्टोबर २०१३ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्याच्या वेळी ते लांबलचक नाव झाकून टाकण्यात आले. २०१४च्या मार्चमध्ये सुब्रत रॉय तिहारच्या तुरुंगात गेले. मैदान आता महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे स्टेडियम या साध्या नावाने ओळखले जाते, निदान कागदावर.

झाकलेल्या नावाबद्दल कोणाही क्रिकेटवेड्याने हळहळ व्यक्त केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हळहळ वाटली ती त्या सामन्यात भारत ७२ धावांनी हरला याची. मैदानाला खरे नाव मिळत गेले ते नंतरच्या खेळातून. २०१७च्या जानेवारीत इंग्लंडच्या साडेतीनशे धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ६३ होती. तिथून विराट कोहली आणि पुण्याचा आपला केदार जाधव यांनी शतके ठोकून सामना ओढून आणला. पुढच्याच महिन्यात पहिली कसोटी झाली. त्यात स्टीव्ह ओकीफ नावाच्या फिरकी गोलंदाजाने बारा बळी घेऊन तीन दिवसांत आपली दाणादाण उडवली. २०१९मध्ये कोहलीच्या नाबाद २५४. २०२४मध्ये न्यूझीलंडच्या सँटनरने १३ बळी घेतले आणि मायदेशात बारा वर्षे न हरलेल्या भारताने मालिका गमावली. आनंदाचे असोत की जिवाला लागलेले, असे दिवस एका जागी साठत गेले की त्या जागेला लोक नावाने हाक मारू लागतात.

इथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. सहाराने सगळे हप्ते वेळेवर भरले असते तर? दहा वर्षे तेच नाव पाटीवर राहिले असते, तर आमच्या पोरांनी ते उचलले असते का? आम्हाला वाटते, अर्धे उचलले असते. "सहारावर सामना आहे" असे म्हणू लागले असते. लखनौचे उदाहरण समोर आहे. तिथल्या मैदानाला ते बांधणाऱ्या कंपनीचे 'एकाना' हे नाव लागले. २०१८ साली त्याच्या आधी अटलबिहारी वाजपेयींचे नाव जोडले गेले. लोकांच्या तोंडी मात्र आखूड, सोपे 'एकाना'च राहिले. तेव्हा कंपनीचे म्हणून लोक नाव नाकारतात असे सरसकट म्हणता येत नाही. ते बोलायला सोपे आहे का आणि टिकते का, हे आधी बघतात.

परदेशातही असेच प्रकार झाले आहेत. त्यातला एक तर महाराष्ट्राच्या फारच जवळचा. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात बेसबॉलचे नवे मैदान २००० साली सुरू झाले, त्याचे नाव 'एन्रॉन फील्ड'. तीस वर्षांसाठी दहा कोटी डॉलरचा करार होता. होय, तीच एन्रॉन, जिच्या दाभोळच्या वीज प्रकल्पावरून महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले होते. २००१च्या डिसेंबरात कंपनीचे दिवाळे वाजले. आपल्या मैदानावर बुडालेल्या कंपनीचे नाव नको म्हणून तिथल्या संघाला उलट वीस लाखांवर डॉलर मोजून ते नाव उतरवून घ्यावे लागले. नंतर तिथे संत्र्याच्या रसाच्या कंपनीचे नाव आले आणि आता वातानुकूलन यंत्रे करणाऱ्या कंपनीचे आहे. गंमत अशी, की ह्यूस्टनमधून पुसले गेलेले एन्रॉन हे नाव कोकणात अजून जिवंत आहे. दाभोळचा प्रकल्प २००५ पासून रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने चालतो, पण गुहागरकडच्या माणसाला तो अजूनही एन्रॉनच. भांडणाने चिकटलेले नाव प्रेमाने चिकटलेल्या नावाइतकेच घट्ट असते, याचा हा पुरावा.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या फुटबॉलप्रेमींनी मात्र गप्प बसणे पत्करले नाही. त्यांचे सेंट जेम्स पार्क शंभर वर्षांहून जुने. २०११च्या नोव्हेंबरात क्लबच्या मालकाने त्याला स्वतःच्याच दुकानांचे नाव दिले, 'स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना'. गावात संताप उसळला. घरोघरी आजोबांनी नातवाला हात धरून ज्या मैदानावर नेले, त्याचे नाव एका दुकानावरून का? वर्षभरात व्याजाने पैसे देणाऱ्या एका कंपनीने नावाचे हक्क विकत घेतले आणि जाहीर केले, की जुनेच नाव परत लावतो. लोक खूष! सावकाराने देवळाला कळस चढवावा आणि गावाने त्याची वाहवा करावी, त्यातलाच हा प्रकार.

गहुंजे आणि न्यूकॅसल यांतला फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. गहुंज्याला पुसण्यासारखे जुने नाव नव्हते, आठवणीही नव्हत्या, म्हणून लोक स्वस्थ राहिले. न्यूकॅसलला चार पिढ्यांचे काही काढून घेतले जात होते. नाव बदलले याचा राग क्वचितच येतो. त्या जागेवर आपला हक्क आहे की नाही, हे आपल्याला न विचारता ठरवले गेले, याचा राग येतो.

आणि ही गोष्ट बेळगावकराला कोणी समजावून सांगायला नको.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावे सरकारी कागदोपत्री बदलली. बंगळूर, म्हैसूर, हुबळी यांच्या जोडीला आमचे बेळगावही 'बेळगावी' झाले. दिवस निवडला तो राज्योत्सवाचा, जो दिवस सीमाभागातला मराठी माणूस १९५६ पासून काळा दिन म्हणून पाळत आला. कर्नाटक प्रीमियर लीगमधला 'बेळगाव पँथर्स' हा संघही 'बेळगावी पँथर्स' झाला. खेळाडू, मैदान सगळे तेच, जर्सीवरचे एक अक्षर बदललेले. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेला 'तरुण भारत' मात्र अजून बेळगाव असेच छापतो. रेल्वेने स्थानकाची पाटी बदलली, पण तिकिटावर येणाऱ्या इंग्रजी संकेताक्षरांत जुने 'बेलगाम' अजून दडून बसले आहे. विमानतळाचे तर विचारूच नका. कागदावर काहीही असो, आम्ही सांबऱ्यालाच उतरतो.

न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कानडी शेजारी आपल्या बोलण्यात या गावाला पूर्वीपासून बेळगावीच म्हणत आले. इंग्रजांचे 'बेलगाम' हे आपलेही नव्हते आणि त्यांचेही नव्हते. वेणुग्राम या मूळ नावाची ही सगळी लेकरे. तेव्हा पैशाने विकत घेतलेले नाव आणि एका भाषेच्या लोकांनी आपल्या उच्चाराचा धरलेला आग्रह यांना एकाच तागडीत तोलणे बरोबर नाही. आमची तक्रार त्या उच्चाराबद्दल नाही. गावात दोन उच्चार पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत असताना पाटीवर एकालाच जागा ठेवली, ही तक्रार आहे.

पण पाटी आणि तोंड यांचे फारकत घेणे बेळगावात नवे नाही. १९२४च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे एकमेव काँग्रेस अधिवेशन इथे भरले. गंगाधरराव देशपांडे यांनी आणि कार्यकर्त्यांनी टिळकवाडीच्या भागात एक नगरच वसवले. त्याला विजयनगर असे भारदस्त नाव दिले. पाण्यासाठी मोठी विहीर खोदली, तिला पंपा सरोवर म्हटले. हंपीच्या वैभवाची आठवण जागवणारी ती नावे होती, त्यामागे अभ्यास होता, भावना होती. अधिवेशन संपले, मंडप उठले, आणि विजयनगर हे नाव मंडपाबरोबर गेले. विहीर राहिली, पण पंपा सरोवर राहिले नाही. लोकांनी तिला काँग्रेस विहीर म्हटले आणि शेजारच्या रस्त्याला काँग्रेस रोड. शंभर वर्षे झाली, तेच चालू आहे.

आमच्याच श्रद्धेची नावेही या नियमातून सुटत नाहीत. बोगारवेशीच्या चौकात धर्मवीर संभाजी महाराजांचा पुतळा आहे, चौकाला त्यांचे नाव आहे. सभेच्या पत्रकावर, वर्तमानपत्रात आपण अभिमानाने तेच लिहितो. पण रिक्षात बसल्यावर? "बोगारवेस." यात महाराजांबद्दलचा आदर कमी होत नाही. जिभेची सवय वेगळी आणि मनातला मान वेगळा. तिसऱ्या रेल्वे गेटावर आता उड्डाणपूल झाला, तरी लोक उतरतात तिसऱ्या गेटालाच. निपाणीकडे तर याहून मजेशीर प्रकार आहे. देवचंद कॉलेज आहे अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. पण ते "निपाणीचे देवचंद कॉलेज" आहे आणि निपाणीचेच राहणार. सकाळी कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात तासाला बसणारा आणि दुपारी जेवायला कर्नाटकात परतणारा विद्यार्थी राज्याची सीमा कुठे ओलांडली हे सांगत बसत नाही.

मैदानांच्या बाबतीत आमचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे टिळकवाडीतला व्हॅक्सीन डेपो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे देवीची लस तयार करणारी सरकारी संस्था उभी राहिली. देवीने गावेच्या गावे ओस पडण्याचे ते दिवस. पुढे लसीने आपले काम चोख केले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, नाव राहिले. त्या झाडांच्या सावलीत किती पोरे क्रिकेट शिकली असतील, पहाटे किती जण चालायला गेले असतील! महाराष्ट्र एकीकरण समितीचे महामेळावेही याच मैदानावर भरले. नाव इंग्रजी, संस्था सरकारी, आणि तरी बेळगावच्या मराठी माणसाला या नावाइतके आपले दुसरे नाव सापडणार नाही. उद्या कोणी या मैदानाला एखाद्या थोर मराठी पुरुषाचे नाव दिले, तरी पोरे "डेपोवर" खेळायला जातील असे आम्ही पैजेवर सांगतो.

मोटेरा आणि कोटला यांचे तेच झाले. दिल्लीचे फिरोजशहा कोटला मैदान २०१९ पासून अरुण जेटली यांच्या नावाचे आहे. अहमदाबादच्या मोटेराला २०२१च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांचे नाव मिळाले आणि त्याच्या दोन टोकांना अदानी व रिलायन्स ही नावे आहेत. क्रिकेटवाला आपला कोटल्याची खेळपट्टी आणि मोटेऱ्याचे दव याच शब्दांत बोलतो. गोव्याला फुटबॉल बघायला जाणारे आमचे मित्र मडगावच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमला फातोर्डाच म्हणतात. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी स्वतः युरोपातला प्राचीन आखाडा पाहून आल्यावर १९१२ साली कुस्तीचे मैदान बांधले. त्याला आज राजर्षींचे नाव सन्मानाने लावलेले आहे, पण मल्ल आणि शौकीन दोघेही खासबागच म्हणतात. (आमच्या शहापुराशेजारीही एक खासबाग आहे, त्यामुळे कुस्तीला निघालेल्या बेळगावकराला "कोल्हापूरची" हे वेगळे सांगावे लागते.)

कंपनीचे नाव गावाला कायमचे लागल्याचे एक उदाहरण बेळगावच्याच इतिहासात आहे, आणि त्यात आमच्यासाठी थोडी खंतही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे इथल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि त्यातून कारखाना वाढवला. पुढे नगरपालिकेला ती जागा हवी झाली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या उजाड जमिनीवर किर्लोस्करवाडी वसली. आज रेल्वे स्थानकालाही तेच नाव आहे आणि ते कोणाला कंपनीचे नाव वाटतही नाही. तिथे माणसे राहिली, राबली, त्यांची लेकरे शिकली. नावाचे हप्ते त्यांनी असे भरले. बेळगावने ते नाव थोडक्यात गमावले.

हे सगळे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. पाटीवर मराठी राहावी म्हणून आपण सीमाभागात इतकी वर्षे झगडतो आहोत. ते चालूच राहील. पण तोंडातले नाव सांभाळायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तिथेच आता गळती दिसते. पूर्वी अनोळखी माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबून पत्ता विचारी आणि आपण त्याला खूट, वेस, गेट, डेपो या नावांनी वाट सांगत असू. आता मुले फोनवरचा नकाशा बघतात. नकाशा पाटीवरचे नाव दाखवतो, नाहीतर जाहिरात देणाऱ्या दुकानाचे. वाटच कोणाला विचारायची नसेल तर तोंडातल्या नावाला जागाच उरत नाही.

दुसरी गळती आमच्याच अंगणातली. टेनिस बॉलच्या स्पर्धा आता गल्लोगल्ली होतात. त्या स्पर्धेला मैदानाचे, गल्लीचे किंवा मंडळाचे नाव क्वचित असते. अमुक भाऊ चषक, तमुक बिल्डर्स चषक, निवडणुकीचे वर्ष असेल तर इच्छुकाच्या मुलाच्या वाढदिवसाचा चषक. गणेशोत्सवाच्या कमानीवर गणपतीच्या चित्राहून ज्वेलर्सची अक्षरे मोठी दिसतात. पैसा लागतो हे खरे आहे आणि वर्गणीवर भागत नाही हेही आम्हाला पक्के ठाऊक आहे. पण टाटा एंडसारखे एका कडेला उभे राहायला देणगीदार तयार असतात, त्यांना तसे सांगायला मात्र आपण तयार नसतो. एखाद्या वर्षी "व्हॅक्सीन डेपो चषक" असे नाव ठेवून, खाली बारीक अक्षरांत देणगीदारांची नावे छापून बघायला काय हरकत आहे? पुष्कळदा देणगीदारच आनंदाने हो म्हणतात, कारण तेही याच मैदानावर खेळलेले असतात.

मंडळांच्या कपाटांतले जुने चषक पाहिले तर याची कल्पना येते. पुरस्कर्त्याच्या नावाची चिकटवलेली पट्टी बहुतेकांवरून निघून गेलेली असते, त्या जागी सुकलेल्या डिंकाचा चौकोन तेवढा उरतो. कप कोणी दिला ते आठवत नाही. पण कपाट उघडून चांदी पुसायला बसलेल्यांपैकी कोणीतरी एक तरी सांगतोच: हा लेले ग्राउंडवरचा, हा डेपोवरचा, आणि हा त्या वर्षीचा, पावसाने अंतिम सामना दोन दिवस लांबला होता तेव्हाचा.